हिरव्या पाकिटातला फोटो

१

लाझिमच्या पेन्शनचा अर्ज फेटाळला गेल्याचं पत्र आलं, तेव्हा तो माझ्याच टपरीत कॉफी पीत होता. भिंतीकडच्या उंच फळीपाशी, उभ्यानं. लाझिम कधी बसत नसे. "अरे, टेक की जरा," म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "घाई आहे, कक नाह." नाह मी, आणि कक म्हणजे ताई. कसली घाई आणि कसलं काय! गिरणीतलं काम सुटल्यापासून त्याला ना कुठं जायचं होतं, ना कुणी त्याची वाट बघत होतं. पण आमच्या गावात माणूस घाई आहे म्हणाला तर आहे, असं आपण धरून चालतो.

वीस वर्षं त्यानं भाताची पोती पाठीवरून लॉरीत चढवली. एके दिवशी पोतं घेऊन वाकला तो तसाच राहिला. मणक्यांमधल्या चकत्या सरकल्या असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि चालता फिरता गडी चाळिशीतच निम्मा दिवस चटईला खिळला. हिंडताफिरताना बरा दिसायचा, तीच पंचाईत. तुटलेला हात लोकांना दिसतो. पाठ कुणाला दिसते?

झैतून, त्याची बायको, सायकल तशीच आडवी टाकून आत आली. हातातलं सरकारी पत्र तिनं माझ्यापुढे धरलं. "वाच, कक. मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, की मी भलतंच काही वाचतेय?"

मी मोठ्यानं वाचलं. अर्जदार जड वजन उचलत असल्याचा फोटो कार्यालयाकडे आला आहे, सबब अर्जदार काम करण्यास समर्थ आहे, पुढच्या महिन्यात फेरतपासणीला हजर राहावं, ती शेवटची.

"जड वजन?" कोपऱ्यातला याकूब म्हणाला. "काय उचललं बाबा? उशी?"

"घर," झैतून म्हणाली. "घर उचलताना दिसतोय म्हणे."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कारण घर खरंच उचललं होतं. कालवा रुंद करायचा म्हणून रोकियाह विधवेचं लाकडी घर काठावरून हलवायचं होतं, आणि सुगीनंतर आख्ख्या गावानं ते खांद्यावर घेऊन ओल्या शेतातून पलीकडे नेऊन ठेवलं. मी भाताच्या मुदी आणि मासळीचं कालवण घेऊन बांधावर होते. लाझिमची सासू, तोक सोम, म्हणजे गावाची सोम आजी, माझ्याशेजारी बसून अडकित्त्यानं केळीच्या पानांच्या दोऱ्या कापत होती. त्या बाईचं जगातलं कुठलंही काम अडकित्त्यावाचून होत नाही. घर टेकवल्यावर बांधाकडेच्या चपलांच्या ढिगावर जी झुंबड उडाली, ती अजून डोळ्यांपुढे आहे. दोन डाव्या चपला घालून घरी गेलेला आमच्याच घरात आहे.

आणि हो, लाझिम त्या घराखाली होता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी त्याच्याकडे बघितलं. कप तसाच अर्धा ठेवून तो निघून गेला होता.

२

आमचे हे पोलिसातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून गल्ल्यामागे बसून पेपर वाचतात आणि गावात कुणाची कोंबडी हरवली तरी यांचा चेहरा उजळतो. त्या दिवशी मात्र उजळला नाही. पेपराची घडी घालून म्हणाले, "नाह, फोटो पाठवणारा गावातलाच आहे. आपल्याकडे जेवलेला माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं झैतूनबरोबर बसनं शहरात गेलो. झैतून खिडकीला डोकं टेकून बोलत होती. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे, पोरीला नर्सिंगला घालायचं स्वप्न, आणि आता डोळेही दगा द्यायला लागलेले. "तपासणीला गेलो तेव्हा किती आशेनं गेलो होतो, कक. मकसुद्धा, आमची आई, आली होती. जन्मात शहरात न गेलेली बाई. म्हणाली, मला चांगली पानं आणायचीत. आणि आता हे."

"तुझी आई आणि लाझिमचं बरं चाललंय वाटतं," मी म्हटलं. कारण तोक सोमची जीभ साऱ्या गावाला ठाऊक. जावई दिसला की सुरू, 'खायला काळ आणि भुईला भार!'

"घर हलवलं तेव्हापासून," झैतून म्हणाली. "त्या दिवशी तिनं पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातानं वाढलं. तो आडवाच होता नंतर आठवडाभर, तरी चकार शब्द बोलली नाही."

कार्यालयातल्या बाई, पुआन माझनाह, कडक होत्या पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी फाइल काढली. "निनावी आहे. तपासणीच्या दिवशी टेबलावरच्या ट्रेमध्ये कुणीतरी ठेवून गेलं. शिक्का नाही, तिकीट नाही. आणि पाकीट बघा."

ईदला मुलांना पैसे देतो तसलं छोटं हिरवं पाकीट होतं.

"आमच्या कारकुनाला वाटलं लाच आहे," बाई म्हणाल्या. "कुणी हात लावेना. शेवटी सगळ्यांसमोर उघडलं."

यांनी फोटो उजेडात धरला. लाझिमचे दोन्ही हात वर, बांबूला भिडलेले. मानेच्या शिरा तटतटलेल्या, दात ओठात रुतलेले, मागं घराच्या फळ्या. आजूबाजूला कुणी नाही, कडेला बांबूवर अंगठीवाला एक तुटका हात तेवढा. एकटाच आख्खं घर घेऊन चाललाय असं वाटावं. 

"कापलाय," हे म्हणाले. "दोन्ही बाजूंनी आणि खालून. गुडघ्याखालचं काही नाही. वर टाचणीचं भोक आहे, म्हणजे आपल्या गावच्या सभागृहाच्या फलकावरून काढलेला. आणि कडा बघ, नाह."

मी बोट फिरवलं. कात्रीनं कापल्यासारखी सरळ कड नव्हती. थोडं कापलं, थांबलं, पुन्हा थोडं कापलं, अशी कुरतडल्यासारखी होती.

"उंदरानं पाठवला असेल," मी म्हटलं. हे हसले नाहीत. त्यांनी पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला सोनेरी अक्षरांत छापलं होतं आमच्याच गावच्या भातगिरणीचं नाव.

३

गिरणीचा मुकादम बद्रुल घाम पुसत बाहेर आला. लाझिमची पाठ गेली त्या दिवशी यानंच त्याला दोन गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं आणि अपघाताचा अर्ज भरायचं 'राहून गेलं' होतं. पेन्शन मिळाली की ते राहून गेलेलं वर येणार. कारण हवं तर हे घ्या.

"आमची पाकिटं?" बद्रुल म्हणाला. "सार्जंट, दर ईदला गठ्ठेच्या गठ्ठे वाटतो. तुमच्या घरी नाहीत?"

होती. माझ्या कपाटात लवंगा आणि सुटी बटणं त्यांतच आहेत.

"आणि मला त्याचा घात करायचा असता तर स्वतःच्या गिरणीचं नाव छापलेल्या पाकिटात घालून केला असता? तेवढा गाढव दिसतो का मी?"

"थोडा दिसतोस," मी म्हटलं. पण मुद्दा बरोबर होता. चोर आपल्या नावाची टोपी घालून चोरीला जात नाही.

याकूबला शोधायची गरज पडली नाही. तो टपरीत माझ्या उधारीवर वाढत होता. याचीही पाठ दुखते, यानंही अर्ज केला होता, आणि तो लाझिमच्या आधीच फेटाळला गेला होता. तपासणीच्या दिवशी हा त्याच कार्यालयात तक्रार घेऊन गेला होता, हेही त्यानं आपण होऊन सांगितलं.

"मला नाही तर त्याला का, असं वाटलं की नाही?" यांनी विचारलं.

"वाटलं. वाटतंच." याकूबनं केळ्याच्या भज्याचा तुकडा तोंडात टाकला. "वाटायला पैसे पडत नाहीत. पण मी नाही पाठवला."

"का विश्वास ठेवावा?"

त्यानं उजवा हात वर केला. बोटात पिवळ्या खड्याची जाड अंगठी. "फोटोच्या कडेला बांबूवर एक हात राहिलाय ना? झैतून म्हणाली. अंगठीवाला? तो माझा. मी त्याच्या मागंच होतो आणि मी खरंच उचलत होतो, कक. पाठीतली कळ विसरून उचलत होतो. माझी तक्रार अजून चालू आहे. माझाच हात दिसणारा फोटो मी त्यांच्या ट्रेमध्ये टाकीन?"

यांनी त्याच्या अंगठीकडे बघून मान डोलावली. मी मात्र त्याच्या एका शब्दावर अडकले. 'खरंच' उचलत होतो म्हणाला.

"म्हणजे दुसरं कुणी खोटं उचलत होतं का रे?" मी विचारलं.

याकूबनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि उधारी तशीच ठेवून उठला. "मला काय माहीत. घराखाली मान वर करून बघता येतं होय?"

४

फोटो काढला होता शाळेच्या नोर्दिन गुरुजींनी. चेगू नोर्दिन म्हणजे सज्जन माणूस, पण कॅमेरा गळ्यात आला की लोकांना 'हसा, हसा' करून जीव नकोसा करतो. घराखाली मेल्यासारखी झालेली माणसंसुद्धा त्याला हसायला हवी होती.

"फलकावरचा एकच गेला," चेगू म्हणाले. "मला वाटलं कुणी आवडला म्हणून नेला असेल. लाझिमचा होता ना, मला बरंच वाटलं."

"निगेटिव्ह?" यांनी विचारलं. "पूर्ण फोटो पुन्हा काढून मिळेल?"

चेगूंचा चेहरा पडला. मागल्या महिन्यात कालव्याचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. डबा आणून दाखवला. सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटून गूळ झालेला.

"फोटोत आणखी काय होतं, आठवतं?"

"पुढे याकूबचा थोरला, मागे याकूब, दोघंही ताडमाड. मधे लाझिम. खाली चिखल. सगळ्यांचे पाय घोट्याच्या वर रुतलेले, म्हणून तर मी काढला. वजन दिसतं ना त्यात."

परत येताना बांधावरून चालत होतो. माझी चप्पल चिखलात अडकली. ती उपसायला मी वाकले, आणि वाकल्या जागीच मला सगळं दिसलं.

"अहो," मी म्हटलं, "घर टेकवल्यावर चपलांवरून केवढा गोंधळ झाला होता! तुम्ही दोन डाव्या घालून आलात."

"झाली का सुरुवात..."

"ऐका तरी. सगळेच्या सगळे ढिगात चपला शोधत होते. लाझिम सोडून. तो माझ्यासमोरून सरळ घरी गेला. कारण त्यानं चपला काढल्याच नव्हत्या. पायातच होत्या. चपला घालून कुणी घर उचलतं? चिखलात पहिल्याच पावलाला पट्टा तुटेल."

हे थांबले. 

"दोन उंच माणसांच्या मधे बुटका," ते म्हणाले. "बांबू त्यांच्या खांद्यावर. त्याच्या खांद्याला टेकलाच नसणार. नुसते हात लावून चालला असेल. आणि वजन नाही म्हणजे पाय रुतणार नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाह, पूर्ण फोटो असता तर त्यानं लाझिमला पेन्शन मिळवून दिली असती. म्हणजे ज्यानं खालचा भाग कापला, त्याला चपला दिसल्या होत्या. त्यानं जाणूनबुजून कापला."

मला त्या माणसाचा असा संताप आला की काय सांगू. गरिबाच्या तोंडचा घास काढायचा, आणि तोही इतका विचार करून!

५

लाझिमच्या घरी गेलो तेव्हा तोक सोम ओसरीवर पितळी पानाचा डबा मांडीशी घेऊन बसली होती. लाझिम आत पडद्यामागं चटईवर होता. तो कूस बदलताना दातांतून श्वास ओढायचा, तो आवाज बाहेर ऐकू यायचा. झैतून शिलाई यंत्रावर.

"तोक, जरा ही दोरी कापून द्या," यांनी खिशातून पुड्याची दोरी काढली. "आणि हा पुठ्ठाही."

म्हातारीनं सहज अडकित्ता उचलला. दोरी कट्‌. पुठ्ठा मात्र एका घासात येईना. थोडा कापला, सरकवला, पुन्हा थोडा कापला. यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. मी कडेवरून बोट फिरवलं. फोटोसारखीच कुरतडलेली.

"फोटो फलकावरून काढलेला," हे हळू आवाजात म्हणाले. "पाकीट गिरणीचं, म्हणजे गावातल्या कुठल्याही घरातलं. ट्रेमध्ये हातानं ठेवलेलं, तपासणीच्या दिवशी. बद्रुल त्या दिवशी गिरणीतून हलला नव्हता, मी हजेरी बघितली. याकूब स्वतः त्या फोटोत आहे. चेगूंना स्वतःचाच फोटो फलकावरून चोरायची गरज नाही. त्या दिवशी तिथे आणखी एक माणूस होतं, जे जन्मात शहरात गेलं नव्हतं. तोक, पानं मिळाली का हो चांगली?"

यंत्र थांबलं. "काय बोलताय, सार्जंट?" झैतून म्हणाली. "मक?"

म्हातारीनं पान तोंडात ठेवलं. लपवण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "मीच ठेवला. मग? ईदच्या पाकिटात घालून मानानं दिला."

"मानानं?" झैतून किंचाळली. "अगं, का? तुला त्याचा एवढा राग होता?"

"राग?" आता म्हातारी चकित झाली. "सरकार आळशाला पैसे देईल का? त्याची पाठ गेल्यापासून आठ वर्षं मी गावभर त्याला ऐदी म्हणत सुटले. ते त्यांच्या कानावर गेलं असलं तर? म्हटलं, बघू देत त्यांना. असल्या पाठीनंसुद्धा माझा जावई विधवेच्या घराखाली उभा राहिला. असल्या माणसाला नाही तर कुणाला द्यायचे?"

 मी जन्मभर याच गावात राहिलेय. म्हातारी चुकली कुठं ते मला सांगता येईना. आमच्याकडे लग्न ठरवताना, उधार देताना, मशिदीचा कारभारी नेमताना एवढंच बघतात की माणूस हाकेला येतो की नाही. तिनं सरकारलाही तोच गुण दाखवला.

"तोक," हे म्हणाले, "खालचा तुकडा कुठाय? पायांचा?"

"टाकला."

"तो मिळाला तर सगळं निभेल. लाझिमच्या पायात चपला होत्या. त्यानं काही उचललं नव्हतं."

पडदा सरकला. लाझिम चौकटीला धरून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"नव्हतंच उचललं," तो म्हणाला. "हात वर धरले तेवढ्यानंच डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या सकाळी मक दारात उभं राहून म्हणाली होती, सगळं गाव चाललंय आणि आमचा नवाब लोळतोय. म्हणून गेलो. आणि त्या दिवसापासून, सार्जंट, लोक मला हाक मारतात. मशिदीत शेजारी जागा देतात. नको तो तुकडा. पेन्शन गेली तर जाऊ दे. गावाला सांगू नका."

"आणि पोरीची नर्सिंग?" झैतून म्हणाली. "आणि माझे डोळे?"

त्यानं पडदा पुन्हा ओढून घेतला. मी म्हातारीकडे बघत होते. जावयानं काहीच उचललं नव्हतं हे ऐकून तिला धक्का बसायला हवा होता. तिनं नुसता पानाचा डबा मिटला.

६

फेरतपासणीच्या खोलीत दोन डॉक्टर आणि पुआन माझनाह. लाझिमला वाकवून, पाय वर करायला लावून झालं होतं. खुर्ची दिली तरी तो भिंतीला टेकून उभाच होता. तोक सोम बोलावलं नसताना आली होती, नवी ओढणी घेऊन.

झैतूनच्या हट्टापायी यांनी चपलांचं, चिखलाचं, दोन उंच माणसांचं सगळं सांगितलं. लाझिम भिंतीकडे बघत राहिला. थोरल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं.

"सार्जंट, तुमचा तर्क छान आहे. पण माझ्यासमोर फोटो आहे तो एवढाच. उरलेला भाग कुठाय?"

"आमच्याकडे नाही," हे म्हणाले.

"मग माझा नाइलाज आहे."

त्यांनी फाइल मिटायला घेतली. तेवढ्यात पितळी झाकणाचा आवाज झाला. तोक सोमनं मांडीवरचा डबा उघडला होता. सुपारी बाजूला सारली, चुन्याची डबी काढली, आणि तळाच्या पानाखालून एक अरुंद पट्टी काढून टेबलावर ठेवली. चुन्याचा एक डाग पडला होता, बाकी कोरीकरकरीत.

पुआन माझनाहनी फोटो पुढे सरकवला. डॉक्टरांनी पट्टी त्याच्या खाली लावली. अडकित्त्याचा प्रत्येक घास समोरच्या घासात बरोबर बसला. लाझिमला त्याचे पाय परत मिळाले. त्याच्या पुढेमागे कापलेल्या माणसांच्या पोटऱ्या राहिल्या होत्या, घोट्याच्या वर चिखलात. आणि मधे दोन निळ्या स्लिपरा, चिखलाच्या वर, पट्ट्यासकट स्वच्छ.



"टाकला म्हणाला होतात, तोक," हे म्हणाले.

"पाकिटात मावावं म्हणून बाजू कापल्या," म्हातारी म्हणाली. "पाय मी मुद्दाम कापले. फलकावर फोटो लागला तेव्हाच माझ्या नजरेला आले. म्हटलं, उद्या गाव बघेल आणि हसेल. म्हणून तर काढून नेला." तिनं पट्टीवरचा चुन्याचा डाग बोटानं पुसला. "मला बांधावरूनच कळलं होतं, साहेब. मी शेतात जन्म काढलाय. वजन घेतलेला माणूस कसा चालतो ते मला कळत नाही? तरी तो तिथं उभा होता. माझ्या जिभेमुळं उभा होता."

"मग आज का दिलात, आजी?" धाकट्या डॉक्टरांनी विचारलं.

ती जावयाकडे वळली. आठ वर्षांत ती त्याच्याशी सरळ बोललेली मी ऐकली नव्हती. नेहमी भिंतीला ऐकवायची.

"मी तुला भुईला भार म्हणत आले," ती म्हणाली. "आज डॉक्टरांनी बघितलं. एवढ्या माणसांत भुईला तुझाच तेवढा भार नव्हता. हसू दे गावाला. हसणाऱ्यांना मी बघून घेईन. पण तू हे वजन आता खाली ठेव, बाळ."

लाझिमनं तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते, आणि त्या हलण्यानंही त्याला दुखत असणार. झैतून उठली, पण त्याच्यापर्यंत गेली नाही. तिथं आधीच म्हातारी पोचली होती.

७

पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र आलं, पण त्याच्या कितीतरी आधी चपलांची गोष्ट गावात आली होती. आमच्या गावात बातमीला बस लागत नाही. लाझिम पुष्कळ दिवस घराबाहेर पडला नाही. मला वाटलं, आता हा कायमचा आत गेला. हे पेपर वाचायचे आणि पानच उलटायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "नाह, आपण बरं केलं ना गं?"  मी त्यांना कांदे चिरायला दिले.

मग एका सकाळी, टपरी गच्च भरलेली असताना, तो आला. मागं तोक सोम, काखेत डबा.  याकूबनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, म्हातारीनं नुसता अडकित्ता बाहेर काढला, आणि त्यानं ते मिटलं.

मी कॉफी ओतली. सवयीनं तोंडून गेलं, "बस की, लाझिम."

तो थांबला. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नको, कक. बसलं की पाठ दुखते."

याकूबनं आपली थाळी उचलली, उंच फळीपाशी येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "माझीसुद्धा."

मी दोघांचे कप फळीवर ठेवले.